आगीचा रकाना

एक्केचाळीस वर्षं मी सार्वजनिक न्हाणीघराची भट्टी पेटवली. तेवढ्या वर्षांत माझ्या हातून कुणाची भुवईसुद्धा करपली नाही. आणि निवृत्त झाल्यावर, जी आग कुणी लावली नव्हती, कुणी पाहिली नव्हती आणि जी लागणं शक्यच नव्हतं, त्या आगीच्या चौकशीसाठी अग्निरक्षक पथकाचा माणूस माझ्या दारात उभा राहिला. हेल्मेट घालून. सगळ्या गल्लीदेखत.

हे कसं झालं ते सांगतो. मला सजवून सांगता येत नाही. आमच्या घरात ते काम फुसाएकडे होतं.

फुसाए माझी बायको. तिच्या वर्षश्राद्धाला ओगिनोबाई उदबत्ती लावायला आल्या. बाई औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेल्या, आणि बोलणं अजून गोळ्या मोजून दिल्यासारखं. त्यांनी उदबत्ती लावली, घंटी वाजवली, हात जोडले, चहाचे दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "तोकुमारूसान, कागारी वर्षभर गुहेच्या दारात उभी आहे."

मी म्हटलं, "कोण?"

"फुसाएसानची जादूगार."

मग मला आठवलं. नऊ वर्षं, दर दुसऱ्या शनिवारी, फुसाए न्हाणीघराच्या माडीवरच्या विश्रांतीच्या खोलीत एक खेळ खेळायला जायची. चार माणसं टेबलाभोवती बसायची. ओगिनोबाई गोष्ट सांगायच्या, म्हणजे गुहा, दरी, राक्षस वगैरे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवायचे. पट नाही, सोंगट्या नाहीत, आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. मी खाली भट्टीशी असायचो. वरून बायकोचा आवाज यायचा, "सगळे मागे व्हा! जाळते मी!" आणि खाली मी लाकडं सारत असायचो. नऊ वर्षं आम्ही नवरा-बायको एकाच इमारतीत आग लावत होतो, आणि तुझी कशी चाललीय असं एकमेकांना कधी विचारलं नाही. तीन वाजले की मी भिंतीवर ठोकायचो. म्हणजे आटपा, गिऱ्हाईक यायची वेळ झाली. एवढाच काय तो माझा त्या खेळाशी संबंध.

आता न्हाणीघर पाडून तिथे गाड्या लावतात.

"मी महिनाअखेरीला मुलीकडे साप्पोरोला जातेय, कायमची," ओगिनोबाई म्हणाल्या. "एकच शनिवार उरलाय. त्यात गोष्ट संपवायची. कागारीचं मी दोनच प्रकारे करू शकते. एक तर ती घरी निघून गेली असं सांगायचं. नाहीतर कुणीतरी तिचा कागद हातात धरायचा."

"निघून गेली म्हणजे?"

"म्हणजे शेवट तिच्याशिवाय होईल."

मी म्हटलं, येतो. चहा संपायच्या आत म्हटलं. नंतर विचार केला असता तर म्हटलं नसतं.

कागद त्यांनी वर्षभर जपून ठेवला होता. एकच पान, सगळं पेन्सिलीने, फुसाएच्या अक्षरात. नाव कागारी. वय सतरा. केस लाल. धंदा आगीची जादू. खर्च ठिणगीला एक गुण, आगीच्या बाणाला तीन, आगीच्या गोळ्याला सात. खाली चौकोनात 'शिल्लक जादू' आणि पुढे आकडा: ७. बाजूला समासात लिहिलेलं, "पुढच्या वेळी धडाम!"

मी तो कागद बराच वेळ बघत बसलो. माझं वय बाहत्तर, केस मोजके, कानात यंत्र.

शेजारी योनेदा टोफू करतो. त्या खेळात तो शूर सरदार आहे आणि त्याची बायको किकू चोर आहे. कुंपणावरून त्याने मला शिकवायला घेतलं.

"सोपं आहे रे इसाओ. गोळा टाकला की सहा मीटरच्या वर्तुळात सगळं जळतं. एका क्षणात."

"कशावर?"

"कशावर म्हणजे?"

"आग कशावर जळते? लाकूड कुठलं? ओलं की सुकं?"

"लाकूड नाही. जादू आहे."

"आणि राख?"

"राख नसते."

"धूर?"

"अरे बाबा, नसतो!"

मी त्याला म्हटलं की राख नाही, धूर नाही आणि काडीचं जळण नाही अशी भट्टी मिळाली असती तर माझी कंबर आज सरळ असती. त्यावर किकू आतून ओरडली, "भाऊजी, ताईंनी हे असले प्रश्न नऊ वर्षांत एकदाही विचारले नाहीत." मला ते लागलं. आगीबद्दल आता मला टोफूवाल्याकडून ऐकून घ्यावं लागत होतं, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

खोली मिळवायची जबाबदारी माझ्यावर आली. माझ्या घरात देवघरासमोर "मारा! चिरा!" ओरडणं बरं दिसलं नसतं, आणि योनेदाकडे टोफूच्या टाक्या. म्हणून मी नागरिक भवनात गेलो. तिथे सेगावासान नावाचा एक कारकून आहे. इतका नम्र की त्याच्याशी भांडणं म्हणजे उशीला बुक्क्या मारणं. त्याने अर्ज दिला. नाव, पत्ता, हेतू, माणसं किती. आणि मग रकाना होता, 'आगीचा वापर: आहे / नाही'.

आता इथे माझी बाजू ऐकून घ्या. न्हाणीघरात रोजची नोंदवही असायची. पहिलाच रकाना आगीचा. एक्केचाळीस वर्षं, सुट्ट्या वगळून, मी रोज 'आहे'वर गोल केला. माझा हात माझ्या आधी 'आहे'वर पोचला. आणि खाली 'असल्यास प्रकार व आकार' असा आणखी एक रकाना. रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे माझ्या पहिल्या मालकाने मला टपली मारून शिकवलं होतं. मी लिहिलं: 'जादूची. हाताने फेकतात. सहा मीटर.' आणि सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का मारला.

सेगावासानने दोनदा वाचलं. "तोकुमारूसान, ही आग खरी नाही ना?"

"छे. तोंडाने सांगायची."

"मग बरं," असं म्हणून त्याने स्वतःचाही शिक्का मारला. मारल्यावर म्हणाला, "फक्त, गोल 'आहे'वर आहे."

"खोडतो की."

"आगीचा रकाना आहे हो." त्याला खरोखर वाईट वाटत होतं. "शिक्क्यानंतर 'नाही'चं 'आहे' करता येतं, जागच्या जागी. 'आहे'चं 'नाही' करायला समिती बसावी लागते. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला बसते."

"पण बाई तोवर साप्पोरोला गेलेल्या असतील!"

"काळजी करू नका. आगीचे कार्यक्रम आमच्याकडे होतात. तळमजल्यावर स्वयंपाक शिकवायची खोली आहे. दोन बादल्या पाणी, आग विझवायचा एक लाल सिलिंडर आणि अग्निरक्षक पथकाचा एक पहारेकरी, एवढं असलं की झालं."

"खोट्या आगीला पहारेकरी?"

"अर्जात खोटी असं लिहिलेलं नाही," सेगावासान हळूच म्हणाला आणि वाकून नमस्कार केला.

त्यानंतर दोन दिवसांनी गोंदासान दारात आला. गोंदासान आमचा न्हावी. तीस वर्षं माझे केस कापतोय, आणि गेली दहा वर्षं नुसतीच कात्री वाजवतोय. पण पथकात तो गल्लीचा प्रमुख आहे, आणि त्या दिवशी तो न्हावी म्हणून आला नव्हता. हेल्मेट, निळा कोट, हातात फळी आणि कागद. समोरच्या घरांच्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

"आग किती?"

"सहा मीटर."

"खोली किती?"

"पाच, वाटतं."

"म्हणजे भिंतीबाहेर जाणार." त्याने लिहून घेतलं.

"गोंदासान, अहो, आग खोटी आहे!"

"मला कळतं." त्याने पेन खाली केलं. "दरवर्षी कवायतीला आम्ही फळीवर रंगवलेली आग विझवतो. तुम्हीही रांगेत उभे राहून बादल्या पुढे देता. तेव्हा कधी म्हणालात का, की खोटी आहे?"

मी त्याच्या कागदावर शिक्का मारला.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं होतं की तोकुमारू बायको गेल्यापासून घरात आग घेऊन खेळतो. रात्रीच्या जेवणाला मला तीन घरांतून डबे आले. आणि एका आजींनी सांगून ठेवलं की एकटं वाटलं तर गोल्फ लावा टीव्हीवर, पण काड्यापेटीला हात लावू नका.

शनिवारी आम्ही स्वयंपाकाच्या खोलीत जमलो. स्टीलच्या सहा मोऱ्या, मधल्या ओट्याभोवती उंच स्टुलं. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. किकूने तळलेल्या टोफूत भरलेला भात आणला होता. गोंदासान पूर्ण पोशाखात दाराशी, दोन्ही बाजूंना बादल्या. त्याने भात नको म्हटलं. कामावर होता.

ओगिनोबाईंनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, त्याच्या मागून बघितलं आणि सुरुवात केली. "गुहेत तुम्ही पाय टाकता. पुढे काळोख आहे. हाताला हात दिसत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

ठिणगीला एक गुण. सातातून एक गेला की सहा. म्हणजे फुसाएचा सात खोडायचा आणि तिथे माझ्या अक्षरात सहा लिहायचा. खोडरबर ओट्यावरच होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "कागारी म्हणते, जरा थांबा, डोळ्यांना सवय होते."

योनेदाचा सरदार पुढे गेला आणि खड्ड्यात पडला.

त्याला वर काढला तर कोळ्यांची जाळी. माणसाएवढी. "जाळून टाक," योनेदा म्हणाला. मी म्हटलं, "कागारी काठीने बाजूला करते." मग गोठलेलं दार आलं. मी त्याच्यावर फुंकर मारली. तीनदा.

"भाऊजी," किकू म्हणाली, "ही आगवाली आहे की झाडूवाली?"

"बंद जागा आहे. वारा कोंडलाय. अशा जागी पेटवत नसतात, आपलाच श्वास कोंडतो. एक्केचाळीस वर्षं..."

"बरोबर आहे," दारातून गोंदासान म्हणाला. त्या दिवशी माझ्या बाजूने बोललेला तो एकटा माणूस. नंतर त्याने विचारलं, "दाराच्या पलीकडे काय होतं?" आणि बादली घेऊन दोन पावलं ओट्याकडे सरकला.

पलीकडे बर्फाचा अजगर होता. ओगिनोबाईंनी त्याचं वर्णन असं केलं की मला स्टुलावर थंडी वाजली. फासे पडत गेले आणि सगळे आमच्या विरुद्ध पडत गेले. सरदाराच्या जिवाचे दोनच गुण उरले. चोराला अजगराने वेटोळं घातलं.

"इसाओ, गोळा!"

"थांबा जरा."

"कशाला थांबू?" किकू ओरडली. "गिळतोय तो मला! कमरेपर्यंत गेले मी!"

"कागारी..." मी कागद हाताने झाकला. "कागारी अजगराशी बोलून बघते."

गोंदासानसुद्धा माझ्याकडे बघत राहिला. किकूने हातातला भात खाली ठेवला. "कागारी नऊ वर्षांत कुणाशी बोललेली नाही. ताई आधी जाळायच्या आणि मग विचारायच्या, कोण होतं ते!"

"तोकुमारूसान," ओगिनोबाई म्हणाल्या. "अडचण काय आहे?"

मला काहीतरी वाऱ्याचं, धुराचं सांगायचं होतं. पण बाईंसमोर खोटं सांगायला जमत नाही. त्यांना रोग आधीच कळलेला असतो.

"पेन्सिल," मी म्हणालो. "हा सात तिने लिहिलाय. टाकला की खोडावा लागेल."

गोंदासानने हेल्मेट काढलं आणि काखेत धरलं. योनेदा खाकरला आणि म्हणाला, "झेरॉक्स काढू या का? बाहेर मशीन आहे, फक्त अर्ज..." किकूने त्याच्या नडगीवर लाथ मारली. खेळातली नव्हे.

ओगिनोबाई म्हणाल्या, "कागद खिडकीकडे धरा. उजेडात."

मी धरला. सातच्या खाली एक तीन होता. तीनच्या खाली नऊ, त्याच्या आडवा एक, आणखी काय काय, नुसते दाबाचे चरे. बाकी पान दणकट, पण तेवढ्या चौकोनात कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला होता. नऊ वर्षं तिने तीच जागा खोडली होती.

"ती कधी राखून ठेवायची का?" मी विचारलं.

"फुसाएसान? एक गुणसुद्धा नाही. दर वेळी शून्यावर घरी जायची."

"मग हा सात?"

बाईंनी पुठ्ठ्याचा आडोसा बाजूला सारला. "शेवटच्या शनिवारी टाकणारच होती. हात वर केला होता. पण तीन वाजले, आणि तुम्ही भिंतीवर ठोकलंत."

नळातून थेंब पडत होता. कुणीतरी तो बंद केला.

मी स्टुलावरून खाली उतरलो. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. भिंतीपलीकडून नऊ वर्षं ऐकलेलं वाक्य होतं, पाठ करावं लागलं नाही. "सगळे मागे व्हा," मी म्हणालो. "जाळते मी."

योनेदा खरोखर मागे सरकला.

फासे आठ. ओंजळीत घेऊन मी फेकले ते जरा जास्तच जोरात. दोन भातात गेले, एक मोरीत घरंगळला, आणि एक उडून गोंदासानच्या बादलीत पडला. डुबुक.

"धरायचा का तो?" योनेदाने विचारलं.

"बाकीचे मिळून अठ्ठावीस," ओगिनोबाई म्हणाल्या. "अजगराला चौतीस लागतात. बादलीतला सहा हवा."

सगळे बादलीभोवती वाकलो. पाणी हलत होतं, काही दिसेना. गोंदासानने आम्हाला हाताने मागे केलं. ती बादली त्याच्या ताब्यातली होती. तो गुडघ्यांवर बसला, पाणी निवळेपर्यंत थांबला, आणि कवायतीच्या आवाजात ओरडला, "सहा! खात्री केली!"

अजगर वितळला. किकू कमरेपासून खाली चिंब होऊन बाहेर पडली आणि मला म्हणाली की भाऊजी, यापुढे एवढा उशीर करू नका. योनेदा टोफू पिळायच्या ताकदीने माझी पाठ थोपटत होता. गोंदासानने न विचारता दोन भात खाल्ले.

"आता शून्य लिहा," ओगिनोबाई म्हणाल्या.

मी खोडरबर घेतला. हलक्या हाताने, अगदी बाळाचं नाक पुसावं तसा फिरवला. एकदा. दुसऱ्यांदा फिरवला तेव्हा कागद गेला. चौकोनाच्या जागी भोक, त्यातून ओट्याचं स्टील दिसत होतं.

माझा चेहरा बघून कुणी हसलं नाही. बाईंनी कागद घेतला, भोकातून मला बघितलं, मग त्यांचं नियमांचं जाडं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं.

"शून्य लिहायला जागा नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि जोवर शून्य लिहिलेलं नाही, तोवर जादू संपली असं मी म्हणू शकत नाही. माझा निर्णय आहे. नोंद करा."

गोंदासानने फळीवर नोंद केली.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. त्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हतं की ठोकणं पलीकडून कसं ऐकू येतं.

सेगावासान होता. पाच वाजले होते, भवन बंद व्हायची वेळ. वाकून म्हणाला, "सगळं सुखरूप झालं ना? फक्त ही एक सही." आगीच्या अर्जाचा शेवटचा भाग. एकच रकाना: 'आग पूर्ण विझल्याची खात्री: आहे / नाही'.

हा रकानाही मी एक्केचाळीस वर्षं रोज भरला आहे. भट्टी राखेने झाकायची, झडप लावायची, आणि 'आहे'वर गोल. हात सवयीने तिकडेच निघाला. मी तो अर्ध्यात थांबवला. ओट्यावर कागद होता, भोक पडलेला. रकान्यात खोटं लिहायचं नाही हेही पहिल्या मालकाने शिकवलं होतं.

मी 'नाही'वर गोल केला आणि शिक्का मारला.

सेगावासानने या वेळी तीनदा वाचलं. "तोकुमारूसान, 'नाही'चं 'आहे' करता येतं. आत्ता, जागच्या जागी."

"नको."

"मग नियमाप्रमाणे... आग विझेपर्यंत ही खोली पहाऱ्याखाली राहील. दर पंधरा दिवसांनी संबंधितांनी येऊन तपासणी करायची." तो घाम पुसत होता. "वार तुमच्या सोयीने."

"शनिवार," किकू म्हणाली.

"पहाऱ्याला मी आहेच," गोंदासान म्हणाला. मग हेल्मेट पुसता पुसता ओगिनोबाईंना विचारलं, "हे गोष्ट सांगायचं काम, म्हणजे, दिवसभर खुर्चीतल्या माणसाला सांगत असतो मी. तसंच असतं का?"

ओगिनोबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पुठ्ठ्याचा आडोसा मिटला आणि त्याच्या हातात दिला. वर नियमांचं पुस्तक. "साप्पोरोहून फोन करीन," त्या म्हणाल्या. "आवाज चढवायचा नाही. अजगर असला तरी."

घरी आलो तेव्हा बाहेर अजून उजेड होता. कागद फुसाएच्या फोटोपुढे ठेवला, भोकासकट. काड्यापेटी घेतली, समोरच्या खिडकीतून आजी बघत होत्या तरी घेतली, आणि उदबत्ती पेटवली.

"धडाम झालं," मी तिला सांगितलं. "जरा उशीर झाला."